चंबूतली वनौषधी : ट्रॉम्बेच्या वनस्पतिपेशी संशोधनाची वाटचाल

भुईरिंगणी जालना जिल्ह्यात कोणी मुद्दाम लावत नाही. बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला ती आपली आपण पसरते. जमिनीला चिकटलेला पसारा, जांभळी फुले, पिकल्यावर पिवळी होणारी गोल फळे आणि पानाच्या शिरेशिरेवर काटे. दशमुळांत तिची गणना होते, खोकल्याच्या आणि दम्याच्या काढ्यांत वैद्य ती वापरतात. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ते निव्वळ तण. १९६८ साली या तणाचे नाव अमेरिकेतल्या ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील एम. आर. हेबळे, एस. नारायणस्वामी आणि एम. एस. चढ्ढा या तिघांनी भुईरिंगणीच्या ऊती काचेच्या पात्रात वाढवल्या होत्या आणि त्यांतून डायोस्जेनिन व बीटा-सायटोस्टेरॉल ही दोन द्रव्ये वेगळी काढली होती.

त्या काळात डायोस्जेनिनचे मोल मोठे होते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर याने चाळीसच्या दशकात मेक्सिकोतल्या रानटी कंदातून हे द्रव्य काढले आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवून दाखवले. त्याच वाटेने पुढे गर्भनिरोधक गोळी आणि कॉर्टिसोनसारखी औषधे आली. भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये हाती घेतला होता. अशा औषधांचा कच्चा माल देशात मिळावा, ही गरज उघड होती. जंगलातले कंद खणून किती दिवस पुरणार? वनस्पतीच्या पेशीच कारखान्यात वाढवता आल्या तर? ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाचा पाठपुरावा पुढची कित्येक वर्षे होत राहिला.

अणुकेंद्रात वनस्पती कशासाठी?

‘अणुशक्ती आस्थापना, ट्रॉम्बे’ ३ जानेवारी १९५४ रोजी सुरू झाली. डॉ. होमी भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले आणि १९६७ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. अणुभट्ट्यांच्या या संस्थेत जीवशास्त्र आणि शेती हे विषय पहिल्यापासून होते. किरणोत्साराने बियांत बदल घडवायचे, त्यांतून चांगली झाडे निवडायची आणि कृषी विद्यापीठांच्या मदतीने वाण शेतकऱ्यापर्यंत न्यायचे, हा तिथला जुना कार्यक्रम. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर १९८५ मध्ये आलेला ‘टीएयू-१’ हा उडदाचा वाण आणि नंतरचा ‘टीएजी-२४’ हा भुईमुगाचा वाण मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना परिचित आहेत. त्या नावांतला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा.

औषधी द्रव्यांच्या कामाला अणुकेंद्राचा आणखी एक उपयोग होता. झाड एखादे गुंतागुंतीचे रसायन कोणत्या टप्प्यांनी बनवते, हे डोळ्यांना दिसत नाही. पेशीला कार्बन-१४ सारख्या किरणोत्सारी अणूची खूण असलेले साधे द्रव्य खाऊ घातले, तर ती खूण कोणत्या रसायनात जाऊन बसते ते मोजता येते. आख्ख्या झाडावर हा प्रयोग किचकट होतो; चंबूतल्या पेशींवर तो आटोपशीर होतो. जैव-सेंद्रिय रसायन, पेशी संवर्धन आणि किरणोत्सारी खुणा ही तिन्ही कामे ट्रॉम्बेला एकाच आवारात होती.

पेशी वाढवण्याची विद्या

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट याने १९०२ मध्ये पानाच्या सुट्या पेशी पोषक द्रावणात जगवून पाहिल्या. पेशी जगल्या, थोड्या फुगल्या, पण त्यांचे विभाजन झाले नाही. तरीही एका पेशीत संपूर्ण झाड होण्याची क्षमता असते, हा त्याचा अंदाज खरा होता. १९३९ मध्ये अमेरिकेत व्हाइट, फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर यांनी ऊती काचपात्रात अमर्याद काळ वाढत ठेवता येतात हे दाखवले. १९५८ च्या सुमारास स्टुअर्डने गाजराच्या सुट्या पेशींपासून रोप उभे केले, आणि १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी क्षारांचे जे मिश्रण बसवले ते आजही जगभरच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळांत रोज वापरले जाते. भारतात दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी या विषयाची परंपरा घडवली. तिथे शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशापासून एकगुणित रोपे मिळवली, ही घटना जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेली. ट्रॉम्बेचे काम सुरू झाले ते या वातावरणात.

पद्धत ऐकायला सोपी आहे. पानाचा, खोडाचा किंवा बीजांकुराचा लहान तुकडा घ्यायचा, त्याच्या पृष्ठभागावरचे जंतू रसायनाने मारायचे आणि साखर, क्षार, जीवनसत्त्वे व वाढ-संप्रेरके घातलेल्या आगारावर तो ठेवायचा. जुन्या काळी या मिश्रणात शहाळ्याचे पाणीही घालत. वाढीला लागणारे बरेच काही त्यात आयते मिळते. संप्रेरकांत सर्रास वापरले जाणारे एक म्हणजे २,४-डी. रुंद पानांचे तण मारायला शेतकरी जे फवारतात तेच हे रसायन. एका लिटरला एक-दोन मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत ते पेशींना विभाजनाला लावते. तीन-चार आठवड्यांत तुकड्यावर फिकट, भुसभुशीत गोळा वाढतो. त्याला कॅलस म्हणतात. हा गोळा द्रव माध्यमात टाकून हलत्या यंत्रावर ठेवला की पेशी सुट्या होऊन तरंगू लागतात. मग विरजणासारखे थोडे जुने नव्या माध्यमात घालत राहायचे. पिढ्यानपिढ्या पेशी वाढत राहतात.

अडचणीही तिथेच सुरू होतात. जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, वनस्पतीच्या पेशीला दुप्पट व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे साखरेच्या त्या गोड पाण्यात एक जंतू शिरला, तर आठवडाभराची मेहनत एका रात्रीत नासते. पात्रे आणि माध्यम १२१ अंश सेल्सियसला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणे, गाळलेल्या हवेच्या झोतात काम करणे, चिमटा दर वेळी ज्योतीवर तापवणे, ही शिस्त त्यामुळे आली.

चित्रक आणि सर्पगंधा यांनी दिलेला धडा

भुईरिंगणीच्या यशानंतर ट्रॉम्बेत एकेक ओळखीची वनौषधी हाती घेतली गेली. चित्रकाच्या मुळात प्लंबॅजिन नावाचे पिवळे, दाहक द्रव्य असते. हेबळे, नारायणस्वामी आणि चढ्ढा यांनी चित्रकाच्या पेशींचे वेगवेगळे वाण चंबूत तयार केले आणि त्यांतली ऊतींची घडण व प्लंबॅजिनची निर्मिती यांचा संबंध तपासला. हा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडात मूळ, खोड, पान अशी कामाची वाटणी असते. औषधी द्रव्य बहुधा एखाद्या विशिष्ट अवयवात, विशिष्ट पेशींतच तयार होते. कॅलस म्हणजे अशी कोणतीच वाटणी नसलेला पेशींचा समुदाय. तो जोमाने वाढतो, पण औषध बनवण्याचे काम अनेकदा विसरतो. पेशी संवर्धनाच्या सगळ्या इतिहासात हा पेच पुन्हा पुन्हा समोर आला.

सर्पगंधेच्या बाबतीत मुंबईचा हक्क आणखी जुना आहे. या मुळाचा रक्तदाबावर होणारा परिणाम डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रुग्णांवर अभ्यासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातले रेसर्पिन वेगळे काढले आणि जगभरातून या मुळाला मागणी आली. मूळ हवे म्हणजे झाड उपटणे आले. ट्रॉम्बेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बी. डी. बेंजामिन, जी. रोजा आणि हेबळे यांनी यावर वेगळा उपाय तपासला. मातीत राहणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनस नावाचा जिवाणू झाडाच्या जखमेतून आपला जनुकांचा तुकडा पेशीत घुसवतो आणि त्या जागी केसांसारख्या बारीक मुळांचा झुबका फुटतो. ही मुळे झाडापासून तोडून द्रव माध्यमात ठेवली, तर संप्रेरकाशिवाय भराभर वाढतात. मुळाचे सारे गुण टिकल्यामुळे ती मुळातली अल्कलॉइडेही बनवतात. अशा मुळांपासून सर्पगंधेची अल्कलॉइडे मिळतात, हे त्यांनी दाखवले.

सदाफुली आणि वीस लिटरची टाकी

अंगणातल्या सदाफुलीची कथा मधुमेहापासून सुरू होते. तिच्या पानांचा रस मधुमेहावर लोक घेत, म्हणून कॅनडात नोबल आणि बिअर यांनी तो तपासला. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले, पुढे व्हिनक्रिस्टिन. रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर ही औषधे आजही दिली जातात. पानांत त्यांचे प्रमाण इतके नगण्य असते की काही ग्रॅम औषधासाठी सुकी पाने टनाच्या हिशेबाने लागतात.

सदाफुलीच्या पेशी चंबूत उत्तम वाढतात. तरीही व्हिनब्लास्टिन त्यांतून मिळत नाही. हा रेणू दोन अर्ध्यांचा बनलेला आहे. त्यातला कॅथरँथिन हा अर्धा संवर्धित पेशी बनवतात. व्हिंडोलिन या दुसऱ्या अर्ध्याचे शेवटचे टप्पे मात्र हिरव्या पानातल्या खास पेशींतच पुरे होतात. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी सदाफुलीच्या पेशींकडून दुसरी उपयुक्त द्रव्ये मिळवण्यावर भर दिला. त्यांतले एक अजमॅलिसिन, रक्ताभिसरणाच्या तक्रारींवर वापरले जाणारे.

ट्रॉम्बेत डी. पी. फुलझेले आणि हेबळे यांनी अजमॅलिसिनसाठी सदाफुलीच्या पेशी चंबूतून बाहेर काढून वीस लिटरच्या टाकीत नेल्या. हे काम १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोटेक्नॉलॉजी’त आले. टाकीचा प्रकार महत्त्वाचा होता. जिवाणूंच्या टाकीत पाती गरगर फिरतात. वनस्पतीची पेशी जिवाणूपेक्षा कितीतरी मोठी, आत पाण्याने भरलेली आणि ताठ भिंतीची. पात्यांच्या माऱ्याने ती फुटते. म्हणून इथे तळातून हवेचे बुडबुडे सोडून पाणी वर उचलायचे आणि कडेने खाली येऊ द्यायचे, अशी हवेने ढवळणारी टाकी वापरली गेली. पेशींना प्राणवायू मिळतो आणि धक्का कमी बसतो. प्रयोगशाळेतल्या कुतूहलापासून उत्पादनाच्या हिशेबाकडे जाणारे हे पाऊल होते.

नरक्या : नंदुरबार, गोरेगाव, ट्रॉम्बे

या इतिहासातला सर्वात मराठी अध्याय नरक्याचा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाढणारे हे लहानसे झाड अमृता या नावानेही ओळखले जाते. त्याची फुले दुर्गंधीसाठी प्रसिद्ध आहेत.

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकले, अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. या दोघांच्या गटाने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य शोधले. पाचच वर्षांनी टॅक्सॉलची रचना उलगडली तीही त्यांनीच. कर्करोगावरच्या दोन मोठ्या वनौषधींच्या शोधात खानदेशात जन्मलेल्या माणसाचे नाव आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही.

चिनी झाडात कॅम्पटोथेसिन फार थोडे. १९७२ मध्ये मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हेच द्रव्य आपल्या नरक्यात, आणि तेही कितीतरी अधिक प्रमाणात, असल्याचे दाखवले. तेव्हा त्याची लगेच मागणी वाढली नाही, कारण सुरुवातीच्या चाचण्यांत औषध रुग्णांना सोसवले नव्हते. १९८५ मध्ये ते पेशीतल्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एका विकराला अडवते हे समजले आणि चित्र पालटले. कॅम्पटोथेसिनपासून बनवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. पहिले बीजाशयाच्या आणि दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. पाठोपाठ नरक्यावर कुऱ्हाड आली. सह्याद्रीतून त्याची लाकडे चोरून तोडली जाऊ लागली आणि वनखात्याने पकडलेल्या साठ्यांच्या बातम्या येत राहिल्या.

ट्रॉम्बेच्या संशोधकांनी या झाडाकडे मागणीच्या आधीच लक्ष दिले होते. जी. रोजा आणि हेबळे यांनी नरक्याच्या ऊतिसंवर्धनातून आणि पक्व झाडातून मिळणाऱ्या कॅम्पटोथेसिनची तुलना १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. पेशी औषध बनवत होत्या, झाडापेक्षा मात्र फार कमी. २००१ मध्ये फुलझेले आणि सहकाऱ्यांनी द्रव माध्यमातल्या सुट्या पेशींची वाढ व त्यांतले कॅम्पटोथेसिन मोजले. पुढे त्यांनी पेशींपासून भ्रूण आणि भ्रूणांपासून रोपे तयार केली, आणि झाडातून हे द्रव्य काढण्याच्या वेगवेगळ्या पद्धतीही तपासल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही २००३ मध्ये नरक्याच्या कॅलसवर माध्यमाचा काय परिणाम होतो ते मांडले, आणि २००७ मध्ये कोकणातल्या उंडीच्या कॅलसमधून एचआयव्हीविरोधी द्रव्यांचा मागोवा घेतला. ट्रॉम्बेचे काम एकाकी राहिले नाही, ते असे.

जपान, जर्मनी, इस्रायल

इतर देशांत या विद्येचे काय झाले ते पाहिल्याशिवाय ट्रॉम्बेचे माप नीट घेता येत नाही. जपानमध्ये शिकोनिन नावाचे लाल रंगद्रव्य एका झुडपाच्या मुळातून मिळते. जखमेवर आणि भाजल्यावर ते पूर्वापार वापरात होते. झुडपाचे मूळ तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात. क्योतो विद्यापीठातल्या मामोरू तबाता यांच्या संशोधनाच्या पायावर मित्सुई पेट्रोकेमिकल कंपनीने १९८३ मध्ये पेशी संवर्धनातून शिकोनिनचे व्यापारी उत्पादन सुरू केले, आणि त्या रंगाची लिपस्टिकही बाजारात आली. वनस्पतिपेशींच्या टाकीतून बाजारात आलेले हे पहिले द्रव्य.

टॅक्सॉलची कथा त्याहून मोठी. १९९२ मध्ये औषध मान्य झाले तेव्हा ते यू वृक्षाच्या सालीतून काढले जाई, आणि साल काढली की झाड मरे. मग पानांतल्या पूर्वद्रव्यापासून अर्धसंश्लेषण आले आणि अखेर ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने पेशी संवर्धनाचा मार्ग स्वीकारला. जर्मनीत हजारो लिटरच्या टाक्यांत यूच्या पेशी वाढू लागल्या. या बदलासाठी कंपनीला २००४ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इस्रायलच्या प्रोटालिक्स कंपनीने गाजराच्या पेशींत मानवी विकर तयार केले आणि गोशेच्या दुर्मीळ आजारासाठी त्याला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली.

तिन्ही उदाहरणांत हिशेब एकच आहे. वस्तू थोडी लागते, किंमत फार मिळते, आणि शेतातून किंवा जंगलातून ती मिळवणे अवघड असते. सर्पगंधा शेतात लावता येते, सदाफुली तर कुठेही उगवते. तिथे टाकी शेताशी भावात टिकत नाही.

वाटेत हाती लागलेले

शिकोनिन किंवा टॅक्सॉलसारखा टाक्यांचा कारखाना ट्रॉम्बेच्या कामातून उभा राहिला नाही. पण पेशी वाढवण्याचे कौशल्य दुसऱ्या दिशेने फळाला आले. व्ही. ए. बापट, पी. एस. राव आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तुतीचे डोळे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या मण्यांत बंद केले आणि त्यांपासून रोपे उगवून दाखवली. १९८८ मध्ये चंदनाच्या पेशींपासून मिळालेल्या भ्रूणांवर हाच प्रयोग झाला. बी न लागता तयार झालेले हे कृत्रिम बियाणे. १९९० मध्ये बापट, फुलझेले, हेबळे आणि राव यांनी चंदनाचे भ्रूण थेट टाकीत वाढवले. टी. आर. गणपती आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केळीच्या कोंबांसाठी मण्यांची पद्धत वापरली.

केळीच्या या गटानेच औषधाकडे पुन्हा वळून पाहिले. त्यांनी कावीळ-ब च्या विषाणूचे पृष्ठभागावरचे प्रथिन बनवणारे जनुक तंबाखूच्या पेशींत आणि नंतर केळीच्या झाडांत घातले. त्यांचे निबंध २००३ आणि २००५ मध्ये आले. पेशींनी ते प्रथिन बनवले. भुईरिंगणीच्या वेळी पेशीच्या अंगचे द्रव्य मिळवायचे होते. इथे पेशीला कधीच न जमलेले द्रव्य तिच्याकडून करून घेतले गेले. लस म्हणून ते बाजारात आले नाही, पण ज्या विचारावर प्रोटालिक्सचे औषध उभे आहे, त्याच विचारावर ट्रॉम्बेत काम चालू होते हे त्यातून दिसते.

जालन्याशी नाते

जालन्याला ही विद्या आली ती बियाण्याच्या वाटेने. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. जालन्याजवळच्या दावलवाडीत कंपनीचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या बीटी वांग्याची सुरुवात चंबूतच झाली. वांग्याच्या बीजपत्रांचे तुकडे अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या संपर्कात आणायचे, जनुक शिरलेल्या पेशी निवडायच्या आणि त्यांपासून रोप उभे करायचे, ही त्याची रीत. इथे वापरलेला जिवाणू सर्पगंधेच्या मुळांसाठी ट्रॉम्बेने वापरलेल्या जिवाणूचा भाऊबंद. नियामक समितीने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये या वांग्याला हिरवा कंदील दाखवला, ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने लागवडीला स्थगिती दिली, आणि बांगलादेशने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. स्थगितीच्या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक जालन्यात आजही भेटतील. तुतीचे नातेही आहेच. जिल्ह्यात तुती लावून रेशीमकोष काढणारे शेतकरी आता बरेच आहेत आणि कोषांची बाजारपेठही जालन्यात आहे.

जमाखर्च

पन्नास वर्षांहून अधिक काळच्या या कामाचा हिशेब मांडायचा तर जमेच्या बाजूला बरेच आहे. ‘सायन्स’पासून सुरू झालेली निबंधांची अखंड मालिका, चंबूतून टाकीपर्यंत गेलेले तंत्र, कृत्रिम बियाणे, आणि वनस्पतीची पेशी औषध केव्हा देते व केव्हा देत नाही याचे स्वतः कमावलेले ज्ञान. खर्चाच्या बाजूला मुख्य नोंद एकच आहे. कॅम्पटोथेसिन अजूनही मुख्यतः झाडांतूनच काढले जाते. पेशींतले प्रमाण झाडाच्या जवळ गेले नाही, आणि सरकारी प्रयोगशाळेतले वीस लिटर वीस हजार लिटरपर्यंत नेणारा औषध उद्योग महाराष्ट्रात पुढे आला नाही. दोष संशोधकांच्या कष्टांचा नाही. जपानमध्ये विद्यापीठाच्या पाठीशी कंपनी उभी राहिली, इथे ती कडी निसटली.

दरम्यान विज्ञान पुढे गेले आहे. औषध बनवणाऱ्या टप्प्यांची जनुके ओळखून ती यीस्टमध्ये बसवण्याचे काम आता होते. २०२२ मध्ये व्हिंडोलिन आणि कॅथरँथिन हे सदाफुलीचे दोन्ही अर्धे यीस्टने बनवल्याचे प्रसिद्ध झाले. तरी ही जनुके शोधायची कुठे, याचे उत्तर वनस्पतीच्या पेशीतच आहे. त्यासाठी झाड जंगलात शिल्लक हवे आणि त्याच्या पेशी जिवंत ठेवण्याची विद्या जाणणारे लोकही हवेत.

म्हणून जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान विभागांना एक विनंती आहे. भुईरिंगणी, चित्रक, धोतरा, सदाफुली या वनस्पती आपल्या दारात आहेत. ऊतिसंवर्धनाची साधी खोली, चांगला निर्जंतुक पेटारा आणि चिकाटी एवढ्यावर काम सुरू होते. प्रत्येक विभागाने एक वनस्पती निवडावी, तिच्या पेशींचे संवर्धन वर्षानुवर्षे चालू ठेवावे, नोंदी नीट लिहाव्यात आणि त्या पुढच्या तुकडीच्या हाती द्याव्यात.